शिकारीची ओढ आणि गफलत



मदरशात शिकत असताना रमजानच्या सुट्टीत मी गावी येत असे आणि मोहल्ल्यातील लहान मुलांना नाजरा कुरआन शिकवीत असे. त्या मुलांपैकी एक आज अमेरिकेतील मिसूरी राज्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री इशाच्या नमाजनंतर त्याचा फोन आला. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर तो रानटी टर्कीच्या शिकारीला जाऊ लागला होता. हा पक्षी हलाल आहे काय आणि बंदुकीने मारलेली शिकार खाता येते काय, असे त्याने विचारले. प्रश्न माझ्या अभ्यासातला होता, म्हणून उत्तर मी तात्काळ दिले.

टर्की हा नखांनी झडप घालून शिकार करणारा पक्षी नाही, तो दाणे, कोंब आणि किडे टिपून खातो. म्हणून उलमा त्याला हलाल मानतात. शिकार करणेही मुळात वैध आहे. बाण सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे, हे हदीसमधून स्पष्ट आहे. बंदुकीच्या छऱ्यांविषयी मात्र फकीहांमध्ये मतभेद आहे. आपल्या देशातील बहुतेक उलमांच्या मते छर्रा बाणाप्रमाणे धारेने कापीत नाही, आघाताने फोडतो. म्हणून पक्षी जिवंत हाती लागून त्याचा जबह झाला, तरच तो खाण्यास योग्य ठरतो. हे सर्व मी त्याला क्रमाने सांगितले आणि प्रश्न मिटला असे समजलो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मौलाना, हे मी इथल्या इमामसाहेबांनाही विचारलं होतं. मला खरं तर दुसरंच विचारायचं होतं. हे माझ्यानं सुटत का नाही?”

मग त्याने सांगितले ते असे. तीन वसंतांत त्याच्या हाती फक्त एक टर्की लागला होता. तरीही मोसम सुरू झाला की पहाटे साडेतीनला त्याला आपोआप जाग येई. हाच तरुण एरवी फजरसाठी चार गजर लावतो आणि तरी कधी कधी झोपून राहतो. एका पहाटे घरून वुजू करूनच तो रानात गेला होता. वेळ झाली की तिथेच नमाज अदा करावी, असा त्याचा विचार होता. झाडाला पाठ टेकून बसला, तोच समोरच्या टेकडीवरून पक्ष्याने आवाज दिला. तो ऐकत राहिला. पक्षी जवळ येत राहिला. भानावर आला तेव्हा सूर्य वर आला होता. पक्षीही आला नव्हता आणि फजरही गेली होती.

त्या रात्री मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. नंतर त्याच्याशी पुष्कळदा बोललो, काही वाचले आणि जे समजले ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

प्रथम ही शिकार कशी असते ते समजून घेऊ. टर्की रात्री उंच झाडावर झोपतो. वसंत ऋतूत नर पक्षी पहाटेच्या अंधारातच फांदीवरून घोगरा, गडगडणारा आवाज काढतो आणि तो आवाज ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. हा निसर्गाचा नियम झाला. शिकारी हा नियम उलटा करू पाहतो. तो लाकडाची छोटी पेटी घासून, पाटीच्या तुकड्यावर काडी फिरवून किंवा तोंडात पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावे अशी वाट पाहतो. कधी नर उत्तर देतो, जवळ येतो आणि बंदुकीच्या टप्प्याच्या थोडा अलीकडेच थांबतो. कधी एकदम गप्प होतो आणि अर्ध्या तासाने पाठीमागून येतो. कधी येतच नाही. त्याची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते. बोट हलले तरी तो निघून जातो. म्हणून शिकारी पानांच्या रंगाचे कपडे घालून, श्वाससुद्धा जपून घेत दगडासारखा बसतो.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत थंडी असते, गुडघाभर पाणी असते आणि पाण्यावर तरंगणारी खोटी बदके असतात. शिकारी गवताच्या आडोशाला बसून बदकाची शीळ वाजवतो. वरून जाणारा थवा एकदा वळतो, पुन्हा वळतो, पंख आखडून उतरू लागतो आणि उतरता उतरता मनात काही शंका येऊन निघून जातो. शिकारी ओल्या कपड्यांनी घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात निघतो. आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट या गावी बदकाची शीळ वाजविण्याची स्पर्धा १९३६ पासून भरते. यावरून ही ओढ किती खोल आहे याची कल्पना यावी.

आपण म्हणाल, ही ओढ रक्ताची आहे, मारण्याची आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु विचार केला तर ते खरे ठरत नाही. ज्याला मारण्याचाच आनंद हवा, तो तीन वर्षांत एका पक्ष्यावर समाधान मानणार नाही. आणि ज्याला मांसच हवे, त्याला दुकानात ते अधिक स्वस्त मिळते. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत पास्कल यांनी हे अचूक ओळखले होते. माणूस ज्या सशामागे दिवसभर धावतो, तोच ससा कोणी आयता दिला तर त्याला नको असतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांच्या मते माणसाला ससा हवा नसून धावणे हवे असते, कारण धावताना स्वतःचा आणि मृत्यूचा विचार करावा लागत नाही.

आधुनिक विज्ञानाने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग केले. कळ दाबली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच प्राणी लवकरच कळ दाबणे सोडून देतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही आणि केव्हा मिळेल हे कळत नाही, अशी व्यवस्था असेल, तर तो दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. २००३ मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. बक्षीस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात मेंदूतील डोपामिनच्या पेशी सर्वाधिक जागृत राहतात, असे त्यांना आढळले. माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट मिळणे ही नव्हे. मिळेल की नाही हे न कळणे हीच ती गोष्ट. रानातला पक्षी उत्तर देतो आणि येत नाही. हे न येणेच दुसऱ्या पहाटे शिकाऱ्याला उठवते.

आता कुरआनकडे वळा. शिकारीचा संबंध तिथे दोन ठिकाणी थेट परीक्षेशी जोडलेला आहे.

सूरह अल-माइदामध्ये श्रद्धावंतांना सांगितले आहे की, अल्लाह अशा शिकारीने तुमची परीक्षा घेईल, जी तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात असेल. यासाठी की, न पाहता अल्लाहचे भय बाळगणारा कोण, हे उघड व्हावे. भाष्यकारांनी लिहिले आहे की, हुदैबियाच्या प्रवासात मुस्लिम इहराममध्ये असताना रानातील प्राणी त्यांच्या तंबूंपर्यंत येत होते. एरवी जे मैलोन्‌मैल धावून हाती लागत नाही, ते मनाई असतानाच हाताशी आले. दुसरा प्रसंग सूरह अल-आराफमध्ये आहे. समुद्रकिनारी राहणाऱ्या एका वस्तीला शनिवारी मासेमारी वर्ज्य होती. नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्यावर उघड येत आणि इतर दिवशी येत नसत. त्या लोकांनी मर्यादा मोडली.

वाचकहो, या दोन्ही प्रसंगांत निषिद्ध काय होते, ते नीट पाहा. शिकार निषिद्ध नव्हती, मासा निषिद्ध नव्हता. त्या वेळी तो घेणे निषिद्ध होते. परीक्षा वस्तूची नव्हती, वेळेची होती. मिसूरीच्या त्या तरुणाचीही परीक्षा हीच होती. तिथल्या नियमाप्रमाणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बंदूक चालविण्याची मुभा सुरू होते. सूर्योदयापूर्वीचा तो अर्धा तास म्हणजे फजरच्या वेळेचा शेवटचा तुकडा. पक्षी आवाज देतो तो याच वेळी. दोन हाका एकाच घटकेला येतात आणि माणसाला दोहोंपैकी एकीला आधी उत्तर द्यावे लागते.

अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई यांच्या हदीससंग्रहांत पैगंबर मुहम्मद (स.) यांचे एक वचन आले आहे. शिकारीच्या मागे लागणारा गाफील होतो, असा त्याचा आशय आहे. मदरशात हे वचन मी पाठ केले होते, पण त्याचा अर्थ मला या फोननंतर उमगला. येथे शिकाऱ्याला क्रूर म्हटलेले नाही, पापी म्हटलेले नाही. गाफील म्हटले आहे. आणि आश्चर्य असे की शिकाऱ्याइतका सावध माणूस शोधून सापडणार नाही. पान हलले तरी त्याला कळते. मग तो गाफील कसा? याचे उत्तर असे की, गफलत म्हणजे लक्ष नसणे नव्हे. सारे लक्ष एकाच ठिकाणी ओतले जाऊन बाकी सर्वांचा विसर पडणे, हीदेखील गफलतच आहे. नमाजमध्ये ज्या एकाग्रतेसाठी आपण आयुष्यभर झटतो, तीच एकाग्रता त्या झाडाखाली त्याला अनायासे मिळत होती. खुशू त्याला येत होता. फक्त किब्ला बदलला होता.

येथे कोणी आक्षेप घेईल की, सहाबांनीही शिकार केली आहे. खरे आहे. हजरत हमजा (रजि.) शिकारीहून धनुष्य घेऊन परतत होते, तेव्हाच अबू जहलने पैगंबरांचा अपमान केल्याचे त्यांना कळले आणि तोच प्रसंग त्यांच्या इस्लाम स्वीकारण्याचे निमित्त ठरला. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी इहराममध्ये नसताना रानगाढवाची शिकार केली आणि तिचे मांस सहाबांनी खाल्ले. म्हणून शिकार करणाऱ्या प्रत्येकाला दोषी ठरविण्याचा अधिकार मला नाही. अमेरिकेतील शिकाऱ्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने रानटी टर्की नाहीसा होत चालला होता. पुढे १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविला. आज टर्की तिथे लाखोंच्या संख्येने आहे. मर्यादा पाळली तर शिकारीही राखणदार होऊ शकतो, हे यावरून दिसते.

परंतु मर्यादा नसेल तर हीच ओढ कुठवर जाते, हे आपल्याच देशात घडले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी राजस्थानातील भरतपूरच्या तलावावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार योजली गेली आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. एवढे पक्षी कोणाच्या भुकेसाठी मारले गेले असतील? नसाईंच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे की, हक्काशिवाय मारलेल्या चिमणीबद्दलही अल्लाह जाब विचारील. तिचा हक्क कोणता, असे विचारल्यावर पैगंबरांनी (स.) सांगितले की, तिचा जबह करून ती खावी, डोके तोडून फेकून देऊ नये. निव्वळ नेमबाजीच्या मौजेसाठी सजीवाला निशाण बनविण्यास तर त्यांनी स्पष्ट मनाई केली आहे.

चिमणीवरून एक आठवण द्यावीशी वाटते. पक्षीतज्ज्ञ सालिम अली मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबात वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी पाहिली नव्हती. ती खाण्यास योग्य असेल की नाही, या शंकेने ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले आणि तिथून एका मोठ्या विद्वानाचे आयुष्य सुरू झाले. मला या प्रसंगात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. शिकार हातात असताना तो मुलगा थांबला आणि त्याने विचारले, हे मला योग्य आहे काय? त्या एका थांबण्यातून पुढचे सगळे घडले.

हा थांबण्याचा धडा शरीअतने कुठे शिकविला आहे, तेही पाहू. शिकारी कुत्र्याने धरून आणलेले खाण्याची परवानगी कुरआनने दिली आहे, पण ते कुत्रे शिकविलेले हवे आणि त्याने शिकार मालकासाठी धरलेली हवी. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी याविषयी विचारले, तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितल्याचा आशय असा की, कुत्र्याने त्यातले स्वतः खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण मग ते त्याने स्वतःसाठी धरलेले आहे. हा नियम आम्ही फिकहच्या पुस्तकात शेकडो वेळा वाचतो. अमेरिकेत पाण्यात पडलेले बदक आणण्यासाठी लॅब्राडॉर जातीचे कुत्रे नेतात. ते थंड पाण्यात उडी घेते, बदक अलगद तोंडात धरून आणते, दात रुतवीत नाही आणि मालकाच्या हातात ठेवते. धन्याचा इशारा होईपर्यंत ते जागचे हलतही नाही. त्या तरुणाने हे वर्णन केले, तेव्हा माझ्या मनात आले की, आडोशाला दोघे बसलेले आहेत. एक शिकविलेला आहे, इशाऱ्याची वाट पाहतो, स्वतःच्या भुकेसाठी धरीत नाही. दुसरा मात्र आपल्या मनाच्या भुकेमागे धावतो आहे. जी अट अल्लाहने कुत्र्याला घातली, ती त्याच्या धन्याला लागू नाही काय? आपणही आपल्या धन्याचेच बंदे आहोत. आपण जे धरतो ते कोणासाठी धरतो, हा प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक हातात धरलेली नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील पक्षी मारणे गुन्हा आहे; जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात उतरणारी बदके आपण पाहावीत, त्यांना जाळे लावू नये. म्हणून हा लेख आपल्यासाठी नाही, असे आपणास वाटेल. मलाही तसे वाटले होते. पण फोन ठेवल्यावर मी काय केले, ते सांगतो. आमच्या मशिदीतील तरुण माझ्या जुमाच्या बयानाचे चित्रण मोबाईलवर टाकतात. किती जणांनी पाहिले, हे मी उघडून पाहिले. झोपण्यापूर्वी आणखी एकदा पाहिले. आकडा कधी वाढलेला असतो, कधी नसतो. आणि पहाटे उठल्यावर, वुजू करण्याच्या आधी माझा हात पुन्हा मोबाईलकडे गेला. मिसूरीच्या रानात बसलेल्या त्या मुलाला मी काय उपदेश करणार होतो? दीनचे काम म्हणून जे सुरू झाले, तेही मी स्वतःसाठी धरू लागलो होतो.

म्हणून त्याला मी फतवा दिला नाही, तीन गोष्टी सुचविल्या. त्याच मी स्वतःलाही लावून घेतल्या आहेत. पहिली, हाक ऐकण्याचा क्रम ठरवावा. फजरची वेळ सूर्योदयाच्या तासाभराहून अधिक आधी सुरू होते. रानात बसताक्षणी, पक्षी बोलण्याआधी नमाज अदा करावी. दुसरी, बक्षीस हाताच्या टप्प्यात असताना एकदा तरी मुद्दाम थांबावे. जो सोडू शकतो, त्याच्याच हाती लगाम आहे. तिसरी, पक्ष्याचा हक्क विसरू नये. जे खायचे नाही ते मारू नये आणि ज्याचा जबह करता येणार नाही अशा अंतरावरून, नुसता नेम पाहण्यासाठी, छर्रा सोडू नये.

या वर्षी मोसम संपल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. त्याने झाडाखाली जानमाज पसरली होती. दुसऱ्या रकअतमध्ये असताना समोरून पक्ष्याचा आवाज आला, अगदी जवळून. “नमाज सोडली नाही, मौलाना,” तो म्हणाला, “पण खोटं कशाला बोलू, शेवटचा सजदा घाईनं केला. सलाम फेरला तोवर तो निघून गेला होता.”

मी त्याला म्हटले की, त्या घाईबद्दल अल्लाहजवळ क्षमा माग आणि जो पक्षी निघून गेला त्याबद्दल त्याचे आभार मान. गेल्या वर्षी तुझी नमाज गेली होती, या वर्षी तुझी शिकार गेली. हा एका वर्षाचा प्रवास लहान नाही. माझा स्वतःचा प्रवास याहून लांब आहे; मोबाईल आता मी फजरपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवतो, तरी हात अजून त्या बाजूला वळतो.

हे अल्लाह, ज्या गोष्टींची तू आम्हांला परवानगी दिली, त्यांच्यातच आम्हांला हरवू देऊ नकोस. आमचे लक्ष तुझी देणगी आहे. ते प्रथम तुझ्याकडे वळविण्याची आम्हांला शक्ती दे. तुझ्या मुक्या जीवांचा हक्क आमच्या मानेवर घेऊन आम्हांला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.